परतीच्या सामानाचा हिशोब

"आता कायमचा येतोय" असा फोन आखातातून आला की घरात आनंद होतो आणि पाठोपाठ सामानाची बोलणी सुरू होतात. वॉशिंग मशीन विकू नका, आणा. फ्रिज चांगला मोठा आहे, इथे उपयोगी पडेल. टीव्ही तर भिंतीएवढा आहे, तो कसा सोडायचा? पंधरा-वीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन जमवलेला संसार असतो, तो कोणी सहजासहजी टाकून येत नाही. हर्णे, आंजर्ले, दाभोळ, बाणकोट या पट्ट्यातल्या आपल्या घरांना ही बोलणी नवी नाहीत. आधी बोटीवर खलाशी म्हणून, मग आफ्रिकेत, मग आखातात आणि आता ब्रिटन-कॅनडात आपली माणसे जात राहिली. जाणाऱ्याच्या पेटीइतकाच परत येणाऱ्याच्या पेटीचाही विचार घरात होत राहिला.

या पेटीवर सरकार कर कधी घेते आणि कधी घेत नाही, याविषयी मात्र दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. काही जण म्हणतात, "आपलेच वापरलेले सामान, त्यावर कर कसला?" काही जण म्हणतात, "कस्टमवाले अडवतातच, ज्याचे त्याचे नशीब." दोन्ही समजुती खऱ्या नाहीत. नियम लेखी आहेत आणि त्यांत कायमच्या परतणाऱ्या माणसाला चांगली सवलतही आहे. पण त्या सवलतीच्या अटी परतीच्या तारखेच्या दोन वर्षे आधीपासून मोजल्या जातात, आणि हे कळते तेव्हा बहुधा सामान बांधून झालेले असते. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

शब्द एक, अर्थ दोन

आधी एका शब्दाची गंमत. मराठीत 'जकात' म्हटले की नाका, अडवलेला ट्रक आणि पावती डोळ्यांसमोर येते. मुंबईत महापालिकेची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बंद झाली. आपल्या घरात जकात म्हटले की मालावरचा गरिबांचा हक्क आठवतो. शब्द मुळात एकच, अरबीतून फारसीत आणि फारसीतून राज्यकारभाराच्या मराठीत आलेला. बाहेरून येणाऱ्या मालावर देशाच्या हद्दीत जो कर बसतो त्याला आता सरकारी मराठीत सीमाशुल्क म्हणतात आणि बोलताना आपण नुसते 'कस्टम' म्हणतो. विमानतळावर भरलेले सीमाशुल्क जकातीच्या खात्यात धरता येत नाही, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. दोन्ही हिशोब वेगळे आणि दोन्ही ज्याचे त्याने चोख ठेवायचे.

सुट्टीवर येणारा आणि कायमचा येणारा

कस्टमच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रवासी आहेत. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

२०२५ मध्ये जे नियम लागू होते ते 'बॅगेज रूल्स, २०१६' या नावाचे असून १ एप्रिल २०१६ पासून अमलात आले होते. सुट्टीवर येणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या अंगावरच्या आणि रोजच्या वापराच्या जुन्या वस्तूंवर शुल्क नाही. त्याशिवाय तेव्हा ५० हजार रुपयांपर्यंतच्या नव्या वस्तू शुल्काविना आणता येत. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा माफ आहे. ५० हजारांच्या वर जे असेल त्यावर ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के द्यावे लागत.

२०२५ मधले उदाहरण घेऊ. कोणी ८० हजारांचा नवा मोबाइल आणि १५ हजारांचे अत्तर, चॉकलेट, कपडे आणले. एकूण झाले ९५ हजार. सूट होती ५० हजारांची. उरलेल्या ४५ हजारांवर ३८.५ टक्क्यांनी १७ हजार ३२५ रुपये झाले. नवरा-बायको बरोबर आले तरी दोघांची सूट एकत्र करून एका लाखाची एक वस्तू आणता येत नसे. सूट प्रत्येक माणसाची वेगळी आहे. मांडीवरच्या बाळाला फक्त त्याच्या वापरातल्या वस्तूंची माफी आहे.

टीव्हीचे प्रकरण निराळे. २०१३ च्या ऑगस्टपर्यंत सपाट पडद्याचा टीव्ही सुटीत बसत असे आणि विमानतळाच्या पट्ट्यावर टीव्हीच्या खोक्यांची रांग लागत असे. २६ ऑगस्ट २०१३ पासून हा टीव्ही सुटीतून काढला गेला. २०२५ मध्ये ३० हजारांचा टीव्ही आणला तर पहिल्या रुपयापासून शुल्क लागे, म्हणजे ११ हजार ५५० रुपये. टीव्ही दापोलीच्या दुकानातही मिळतो. तरी इतक्या वर्षांनंतरही "भाई, येताना टीव्ही आण" हा निरोप जातोच.

कायमचा परतणारा माणूस मात्र 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' या तरतुदीत येतो. मराठीत त्याला वास्तव्य बदलणे म्हणू. त्याच्या घरगुती सामानाला वेगळी आणि मोठी सूट आहे, आणि ती परदेशातल्या वास्तव्याच्या काळावर ठरते. २०१६ च्या नियमांत ती तीन ते सहा महिने राहिलेल्याला ६० हजार, सहा महिने ते एक वर्षापर्यंत १ लाख, मागच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष राहिलेल्याला २ लाख आणि दोन वर्षे किंवा त्याहून अधिक राहिलेल्याला ५ लाख रुपये होती.

दोन वर्षे, सहा महिने, तीन वर्षे

पाच लाखांची सूट ऐकायला सोपी वाटे. २०१६ च्या नियमांत तिच्या तीन अटी होत्या आणि त्या पाठ करून ठेवाव्यात अशा होत्या.

पहिली, परतीच्या लगेच आधीची दोन वर्षे परदेशात वास्तव्य असले पाहिजे. दुसरी, त्या दोन वर्षांत भारतातल्या सुट्ट्यांचे सगळे दिवस मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावेत. तिसरी, मागच्या तीन वर्षांत हीच सवलत आधी घेतलेली नसावी.

आता आपल्या घरातला नेहमीचा क्रम आठवा. समजा कुवेतमध्ये अठरा वर्षे नोकरी केलेले एक भाई परतत आहेत. मागच्या वर्षी बहिणीच्या लग्नाला ४५ दिवस आले. यंदा रमजान आणि ईदसाठी ६० दिवस आले. मधे आईचे ऑपरेशन झाले, तेव्हा तीन महिने थांबले. बेरीज १९५ दिवस. सहा महिने ओलांडले. अठरा वर्षांची नोकरी असूनही कागदावर दुसरी अट मोडली. अशा वेळी त्या नियमांत कस्टमच्या आयुक्तांना ही जास्तीची सुट्टी माफ करण्याचा अधिकार होता, पण कारण सांगावे लागे आणि पुरावा दाखवावा लागे. इस्पितळाचे कागद, ऑपरेशनची तारीख, कंपनीचे रजेचे पत्र. तोंडी सांगितलेल्या आजारपणाला तिथे वजन नसते.

पहिल्या अटीतही थोडी सवड होती. दोन वर्षांना दोन महिन्यांपर्यंत कमी पडत असतील आणि ते शेवटच्या रजेमुळे असेल, तर सहायक किंवा उपायुक्त ती कमतरता माफ करू शकत. तिथेही कागदच बोलतात. हर्णे बंदरावरच्या मासळीच्या लिलावात बोलीचा शब्द चालतो. कस्टमच्या टेबलावर मात्र पासपोर्टवरचा शिक्का चालतो.

आणखी एक गोष्ट घरच्या बायकांसाठी मुद्दाम. ही सवलत कुटुंबाची नसून परदेशात राहिलेल्या व्यक्तीची आहे. पत्नी आणि मुले हर्ण्यातच राहिली आणि वर्षातून एकदा महिनाभर व्हिजिटवर गेली, तर त्यांच्या नावावर ही सूट मागता येत नाही. उलट पत्नीही दोन वर्षे तिथे राहिली असेल आणि अटी पुऱ्या करत असेल, तर तिचा हक्क स्वतंत्र आहे. तिच्या पासपोर्टच्या आणि रहिवासी परवान्याच्या प्रती तिच्या नावाने वेगळ्या ठेवा. सगळे कागद नवऱ्याच्या फाइलमध्ये आणि फाइल नवऱ्याच्या सुटकेसमध्ये, असे झाले की तिचा हक्क कोणाच्या लक्षातच राहत नाही.

काय बसते, काय बसत नाही

कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, फर्निचर, मुलांची पुस्तके हे साधे घरगुती सामान. २०१६ च्या नियमांत वॉशिंग मशीन, स्वयंपाकाची गॅसची किंवा विजेची शेगडी, कॉम्प्युटर, ३०० लिटरपर्यंतचा फ्रिज हेही सुटीच्या रकमेत बसे. ३०० लिटरच्या वरचा फ्रिज, डीप फ्रीझर, भांडी धुण्याचे मशीन, रंगीत टीव्ही आणि होम थिएटर सुटीत बसत नसत. त्यांवर शुल्क भरावे लागे. मोटारगाडी तर प्रवाशाच्या सामानात धरलीच जात नाही. तिच्या आयातीचे नियम आणि शुल्क वेगळे आणि फार जड आहेत. आखातातली गाडी तिथेच विकून यावी हे बरे.

म्हणून फ्रिजच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिटर वाचा, मग आणायचा की विकायचा ते ठरवा. आखाती घरांतले दोन दारांचे फ्रिज बहुधा ३०० च्या पुढचे असतात. शुल्क, जहाजाचे भाडे आणि न्हावा शेव्यापासून हर्ण्यापर्यंतचा टेम्पो यांची बेरीज नव्या फ्रिजच्या किमतीशी ताडून पाहा. पुष्कळदा जुना फ्रिज तिथल्याच एखाद्या गरजू कामगाराला देऊन येण्यात जास्त बरकत असते.

मागून येणारे सामान

बोटीने किंवा कार्गोने मागून येणाऱ्या सामानाचे नियम अनेकांना ठाऊक नसतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे असे सामान परदेशात आपल्या ताब्यात असलेले हवे होते आणि आपण भारतात पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत तिथून रवाना व्हावे लागे. आपल्या आधी आले तर दोन महिन्यांपेक्षा आधी येऊन चालत नसे. आजारपण, दंगल, पूर अशा कारणाने माणूस अडकला तर ही मुदत वर्षापर्यंत वाढवून मिळू शके, पण अर्ज करावा लागे. सुट्टीवाल्या प्रवाशाची ५० हजारांची सूट मागून येणाऱ्या सामानाला लागू नव्हती. वास्तव्य बदलणाऱ्याची सूट मात्र लागू होती.

त्यामुळे "आधी मी येतो, सामान सावकाश पाठवतो" हे बोलणे महाग पडते. मुदत चुकली की तेच सामान सामान्य आयात ठरू शकते. बंदरात पडून राहिले की गोदामाचे भाडे दिवसागणिक चढते, आणि भाडे सामानाच्या किमतीपुढे गेले की घरचे लोक ते सोडूनच देतात. वीस वर्षांचा संसार गोदामात राहणे ही साधी गोष्ट नाही.

भेट म्हणून पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवलेल्या वस्तूंवरची जुनी माफीही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी अपवाद राहिली. दारापर्यंत पोच देणाऱ्या कार्गो सेवांकडे पेटी देताना एवढे विचारा: सामान कोणाच्या नावाने जाणार, शुल्क कोण भरणार आणि पावती मिळेल का? तिन्ही उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर पेटी देऊ नका.

सोन्याचा प्रश्न

आता सर्वांत नाजूक गोष्ट. एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येतात. हे ग्रॅम सगळ्यांना पाठ असतात. २०१६ च्या नियमांत त्यांच्या पुढे लिहिलेली किमतीची मर्यादा मात्र पाठ नसे: पुरुषाला ५० हजार रुपये, स्त्रीला १ लाख रुपये. तेव्हा वजन आणि किंमत, दोन्ही मर्यादा सांभाळाव्या लागत.

२०१६ साली दहा ग्रॅम सोने तीस हजारांच्या आसपास होते. तेव्हा ४० ग्रॅम आणि एक लाख हे आकडे एकमेकांच्या जवळ होते. २०२५ मध्ये दहा ग्रॅमने लाखाला हात लावला. म्हणजे तेव्हा किमतीच्या मर्यादेत स्त्रीचा जेमतेम एक तोळा बसे आणि पुरुषाचा अर्धा. चार बांगड्या हातात घालून येणारी बाई ग्रॅमच्या हिशोबाने निर्धास्त असे आणि रुपयांच्या हिशोबाने अडके. दिल्ली उच्च न्यायालयाने अलीकडच्या निकालांत अंगावरचे वापरातले दागिने आणि विकायला आणलेले सोने यांत फरक केला पाहिजे असे म्हटले आहे. हे म्हणणे न्यायाचे आहे, कारण लग्नात मिळालेला हार आणि बिस्कीट एकाच मापाने मोजणे कोणालाच पटणार नाही. पण कोर्टापर्यंत जाण्याची वेळ येऊ नये हे अधिक चांगले.

त्यासाठी दोन सोप्या वाटा आहेत. इथून जाणारी मुलगी किंवा सून आपले दागिने घालून निघत असेल, तर मुंबईच्या विमानतळावर जातानाच कस्टमकडून त्या दागिन्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यात वजन आणि वर्णन लिहिलेले असते. परत येताना तेच दागिने दाखवले की शुल्काचा प्रश्न येत नाही. सोनाराची पावती आणि दागिन्यांचे फोटो बरोबर असले की काम सोपे होते. या कामासाठी विमानतळावर तासभर आधी जावे लागते, एवढाच काय तो त्रास.

दुसरी वाट सरळ शुल्क भरण्याची. सहा महिन्यांहून जास्त काळ परदेशात राहिलेला भारतीय प्रवासी एक किलोपर्यंत सोने सवलतीच्या दराने शुल्क भरून आणू शकतो. हे शुल्क परकीय चलनात भरायचे असते, आणि खडे-मोती जडवलेल्या दागिन्यांना हा दर नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे एकूण शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के झाले. तीन लाखांच्या सोन्यावर हे १८ हजार होतात. तेच सोने सवलतीला पात्र नसलेल्या प्रवाशाने आणले तर ३८.५ टक्क्यांनी १ लाख १५ हजार ५०० होतात. १८ हजार वाचवण्यासाठी हिरव्या वाटेने मान खाली घालून निघणे, पकडले जाणे, सोने जप्त होणे आणि वर दंड, हा कुठला सौदा? शुल्क लागणारी वस्तू जवळ असेल तर लाल वाटेने जावे आणि स्वतःहून सांगावे. सांगितलेली वस्तू सोडवायची नसेल तर ती कस्टमकडे ठेवून परत जाताना घेऊन जाण्याची सोयही कायद्याच्या कलम ८० मध्ये आहे. ही सोय खरे सांगणाऱ्यालाच मिळते.

दुसऱ्याची पिशवी

"भाई, मुंबईला जातोच आहेस, तर एवढे पाकीट घेऊन जा. विमानतळावर माझा माणूस येईल." हे वाक्य आखातात कामाला गेलेल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी ऐकले असेल. ओळखीचा चेहरा, गावाचे नाव, तिकिटाला हातभार किंवा थोडी रक्कम. नकार देणे जिवावर येते, कारण आपल्यात अमानत पोचवणे हे नेकीचे काम मानले जाते.

अमानत म्हणजे जी वस्तू काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे आणि जी आपण उघडपणे दाखवू शकतो, तीच. शिवलेली पिशवी, चिकटपट्टीने बांधलेला चार्जर, शिल्लक वजनात बसवलेला मिक्सर ही अमानत होत नाही. कस्टमच्या कायद्यात जिच्या हातात पिशवी तिचा जबाब. तस्करीच्या मोठ्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि १९७४ च्या कॉफेपोसा कायद्याखाली स्थानबद्धताही होऊ शकते. मुलगा बावीस वर्षांचा असेल तर पहिल्याच सुट्टीत त्याचा पासपोर्ट, नोकरी आणि लग्नाचे वय सगळे कोर्टाच्या तारखांत जाते. पाकीट देणारा तेव्हा फोन उचलत नाही.

घरच्यांनी मुलांना हे शब्द शिकवावेत: "चाचा, माफ करा, माझ्यासमोर उघडून दाखवा, पावती द्या आणि मी ते कस्टमला सांगून नेईन." खरोखर साधी वस्तू असेल तर चाचा रागावणार नाहीत. रागावले तर उत्तर मिळालेच.

जाताना घ्यायची काळजी

आतापर्यंत येण्याची गोष्ट झाली. नव्या देशात संसार हलवताना तिथले नियम लागतात, आणि ते आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने विचार करतात. आपला कायदा विचारतो, माणूस किती दिवस बाहेर होता? तिथले बहुतेक कायदे विचारतात, वस्तू किती दिवस वापरली?

ब्रिटनमध्ये राहायला जाणाऱ्याने आधी किमान बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असावे आणि सामान किमान सहा महिने स्वतःच्या मालकीचे व वापरातले असावे. बोटीने सामान पाठवण्याआधी अर्ज करून माफीचा क्रमांक घ्यावा लागतो आणि आणलेले सामान वर्षभर विकता येत नाही. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात घरगुती सामान एक वर्ष वापरलेले असावे अशी अट आहे. कॅनडात पहिल्यांदा उतरताना दोन याद्या द्यायच्या असतात: बरोबर आणलेल्या सामानाची आणि मागून येणाऱ्या सामानाची. मागून येणारे काही ठरलेले नसले तरी जे येऊ शकते ते त्याच दिवशी लिहून द्यावे. यादीत नसलेल्या वस्तूवर पुढे शुल्क लागू शकते. आखाती देशांच्या सामाईक सीमाशुल्क कायद्यातही पहिल्यांदा राहायला येणाऱ्या परदेशी माणसाच्या वापरातल्या घरगुती सामानाला माफी आहे. म्हणून नव्या संसारासाठी सगळे कोरे करकरीत खरेदी करून खोक्यासकट पाठवणे हे सर्वत्र महाग पडते. वापरलेली भांडी, धुतलेल्या चादरी, घरातली शिलाई मशीन यांना बहुतेक दरवाजे उघडे असतात.

आखातात जाणाऱ्यांच्या घरी एक गोष्ट स्वयंपाकघरातच सांगायला हवी. आपल्या मसाल्यात खसखस असते. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरबमध्ये खसखस अमली पदार्थात मोजली जाते आणि ती सापडल्याने लोकांना कैद झाली आहे. मुलासाठी मसाला कुटताना खसखस वगळा आणि पाकिटावर काय काय आहे ते लिहा. डोकेदुखीच्या किंवा खोकल्याच्या औषधांनाही डॉक्टरची चिठ्ठी हवी. काही साधी वाटणारी औषधे तिथे बंदीच्या यादीत आहेत. आईच्या हाताच्या मायेची पुडी मुलाच्या गळ्यातला फास होऊ नये.

यादी हीच खरी पेटी

या सगळ्याचे एक सार आहे. ज्या घरात यादी आहे त्या घराला सवलत मिळते.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतला तेव्हा तिथे असलेल्या भारतीयांत कोकणातली पुष्कळ माणसे होती. त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना एअर इंडियाच्या जवळजवळ पाचशे फेऱ्यांनी जॉर्डनच्या अम्मानहून मायदेशी आणले गेले. बसने वाळवंट ओलांडून आलेल्या त्या माणसांच्या हातात एखादी पिशवी होती. संसार मागे राहिला होता. त्यांना कस्टमने काय विचारावे? पुढे १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. कुवेत सोडावे लागल्याबद्दल एका माणसाला अडीच हजार आणि कुटुंबाला पाच हजार डॉलर अशी ठरावीक रक्कम होती. दुसऱ्या कुठल्या दाव्याचा हक्क सोडणाऱ्याला ती थोडी जास्त मिळे. घरातल्या सामानाचे, पगाराचे, बँकेतल्या पैशांचे नुकसान मात्र वेगळे मागायचे होते, एक लाख डॉलरपर्यंत. ते मागण्यासाठी काय होते, कितीचे होते, हे सांगावे लागत होते.

म्हणून यादी फक्त कस्टमसाठी करायची नसते. परदेशात संसार करणाऱ्या प्रत्येक घरात एक वही असावी. वस्तूचे नाव, कधी घेतली, कितीला घेतली, पावती कुठे आहे. दागिन्यांचे वजन आणि फोटो. प्रत्येकाच्या पासपोर्टवरच्या येण्याजाण्याच्या तारखा एका पानावर, म्हणजे दोन वर्षे आणि सहा महिने यांची बेरीज कधीही करता येईल. वहीची एक प्रत हर्ण्यात, एक तिथे आणि फोटो मोबाइलमध्ये.

हे काम घरातल्या आठवी-नववीच्या मुला-मुलींना द्या. शेकडेवारी ती शाळेत शिकतात, ३८.५ टक्के काढायला त्यांना दोन मिनिटे लागतील, आणि आपल्या वडिलांनी एकेक वस्तू किती वर्षांच्या कष्टाने घेतली तेही त्या निमित्ताने कळेल. अर्ज इंग्रजीत असतात, शिक्षण उर्दूत किंवा मराठीत झालेले असते, म्हणून मोठी माणसे कागद एजंटच्या हवाली करून मोकळी होतात. एजंटला काम जरूर द्या, पण सही करण्याआधी मुलीकडून तो कागद मोठ्याने वाचून घ्या. तुमच्या नावावर किती पेट्या आणि त्यांत काय, हे तुम्हाला ठाऊक नसताना सही होता कामा नये.

नियम अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरचे प्रवाशांसाठीचे पान एकदा पाहावे. आकडे बदलतील, पासपोर्टच्या तारखा, पावत्या आणि खरे सांगणे यांची गरज बदलणार नाही. ज्यांच्या घरी येत्या दोन-तीन वर्षांत कोणी कायमचे परतणार आहे, त्यांनी या महिन्यातच ती वही घालावी आणि आखातातल्या माणसाला फोनवर सामानाआधी सुट्ट्यांची बेरीज विचारावी.